चौथी पिन

परशराम,

त्यांच्या सिनेमाची झलक आली. तू जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत, तुझ्या दारात अजून सणाची रांगोळी पडलेली नाही, आणि यांची झलक आलीसुद्धा. मिनिटभराची आहे. आधी हिरो येतो. पाठीमागे निपाणीजवळची ती दगडाची खाण दिसते. तो छातीवर हात ठेवून सांगतो की या चित्रपटात कॉम्प्युटरची करामत नाही, जे दिसतं ते सगळं खरं आहे, आम्ही खरा पूल बांधला आणि खरा पाडला. मग आपला पूल येतो. ट्रक मध्यावर येतो, पूल पिळवटतो, दोन तुकडे होतात, ट्रक खाली जातो, धूळ उठते.

तू त्यात नाहीस.

पूल पडला तेव्हा तू त्याच्यावर होतास. मी पाहिलंय. सात कॅमेऱ्यांनी पाहिलंय. ती झलक मी थांबवत थांबवत इतक्या वेळा बघितली की बायकोने शेवटी फोन हातातून काढून घेतला. जिथे तू गुडघे टेकून वाकला होतास तिथे आता नुसता पत्रा आहे. स्वच्छ, रिकामा पत्रा. कुणीतरी थंडगार खोलीत बसून तुला पुसून टाकलं. कॉम्प्युटर वापरला नाही म्हणणाऱ्यांनी तो एकाच कामासाठी वापरला, आणि ते काम म्हणजे तू.

मी कंपनीला फोन केला. एका बाईने फार गोड आवाजात सांगितलं की तुझं नाव शेवटच्या पाट्यांमध्ये ‘विशेष आभार’ म्हणून येणार आहे. आभार कशाचे, असं विचारलं तर फोन ठेवला.

त्यांच्यावरचा राग मी कितीही पानं लिहू शकतो, परशराम. पण आज मला दुसऱ्या एका माणसाबद्दलही लिहायचं आहे, आणि तो माणूस मी आहे.

आपण आयटीआयला भेटलो. तू मच्छ्याहून सायकलने यायचास, मी अनगोळहून. तू वेल्डर, मी टर्नर. पुढे तू मच्छ्यात शेड टाकलीस, मी उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, कातकामाचा एक जुना लेथ घेऊन बसलो. सिनेमाचं वेड तुझं. मारामारीचा सिनेमा लागला की तू पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला जायचास, मला ओढून न्यायचास, आणि गाडी हवेत उडाली की माझ्या मांडीवर थाप मारायचास.

“बघितलास? खरी हाय. खरी गाडी उडिवल्यात.”

“सगळं खोटं असतंय रं. पुठ्ठ्याची गाडी असंल.”

“पुठ्ठा असा वाकतोय व्हय? दाराचा पत्रा बघ कसा मुडपला. लोखांड वळीखतोस का न्हाय तू?”

हा वाद तीस वर्षं चालला. मी म्हणायचो, समजा खरं असलं तर आणखी वाईट. चांगलं लोखंड, चांगली गाडी, माणसांची मेहनत, कशाला मातीत घालायची? तू म्हणायचास की खरं असलं की बघणाऱ्याच्या पोटात कळतं, त्याचंच तिकीट असतं. शेवटी दोघंही चहा प्यायचो. हा वाद तू अर्धा टाकून गेलास. मला आता तो जिंकायचाही नाही. तुझ्या पुलाचा पत्रा कसा मुडपला ते मी पाहिलंय.

तुझे उपकार मोजायचे म्हटले तर कुठून सुरुवात करू? माझ्या लेथच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागाला तडा गेला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की बीड वेल्ड होत नाही, फेकून दे. तू तो भाग भट्टीत तापवलास, सांधलास आणि राखेत पुरून ठेवलास. दोन दिवस मला हात लावू दिला नाहीस. “निवू दे हळूहळू. घाई केलास की पुन्ना फुटंल,” असं म्हणत राखेच्या ढिगावर पोतं टाकून पहाऱ्यासारखा बसला होतास. तो सांधा अजून शाबूत आहे. त्याच लेथवर मी ती पिन कातली.

पुलाचं काम आलं तेव्हा तू गाडीवरून न उतरताच ओरडलास. “अरं, सिनेमाचा पूल! आपण करायचा!” कागदावर तो पूल दोन अर्ध्या भागांचा होता. खाणीच्या दोन्ही कड्यांवर एकेक अर्धा भाग बिजागरीवर बसणार आणि मध्ये दोन्ही अर्धे चार पिनांवर जोडलेले राहणार. ड्रायव्हर नसलेला ट्रक तारेने ओढत मध्यावर आणायचा, त्याच्या वजनाने चारही पिना एकदम तुटायच्या आणि पूल उघडायचा. पूल तुझा, पिना माझ्या.

नकाशा बघून तू डोकं खाजवलंस. “आजपातूर मोडायसाठी म्हणून काय बी केलं न्हाय मी. हात वळंल का न्हाय कुणास ठावं.”

“तुझा पूल मोडायचाच न्हाय,” मी म्हटलं. “मोडायचंय ते माझं काम. तू आपला नेहमीसारखा कर.”

तू नेहमीसारखाच केलास. त्यांनी पुलाला रंग फासून गंजका केला तेव्हा तुला वाईट वाटलं. एवढे सरळ वेल्ड मारले आणि यांनी चिखल फासला, म्हणालास.

आता पिनांचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पिन कडक पोलादाची होती, तापवून, पाणी देऊन आणखी कडक करायची, म्हणजे काचेसारखी तडकेल. मधोमध एक खाच. नकाशावर स्पष्ट लिहिलं होतं की खाचेच्या तळाला धारदार कोपरा हवा, गोलाई चालणार नाही. तुला आपले आयटीआयचे मास्तर आठवतात. कोपरा धारदार ठेवला की ते जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, हातातून घेऊन बाजूला टाकायचे. तडा कोपऱ्यातून सुरू होतो, कोपऱ्याला गोलाई दे, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला झोपेतही येईल. तीस वर्षांत मी एकही कोपरा धारदार सोडला नव्हता. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते त्यासाठीच.

तीन पिना मी नकाशाप्रमाणे कातल्या. मन घट्ट करून कातल्या. चौथीच्या वेळी हत्याराचं टोक उडालं. मी ते सहाणेवर धरून परत घासलं आणि माझ्या हाताने त्याला नेहमीसारखं गोल टोक दिलं. पिन मशीनवरून काढली तेव्हा दिसलं. खाचेच्या तळाला बारीक, सुंदर गोलाई आली होती. बघणाऱ्याला कळणारही नाही एवढी. माप घेतलं, माप बरोबर होतं. दुसरी कातायला फार तर तासभर गेला असता. मी ती हातात फिरवली आणि मनाशी म्हटलं, गोलाईनं आजवर कुणाचं नुकसान झालंय? चारांतली ही सगळ्यात चांगली दिसतेय. आणि बाकीच्या तिघींसोबत पाणी द्यायला पाठवून दिली.

हे चुकून झालं असं मी म्हणू शकत नाही. हात चुकला हे खरं, पण डोळ्यांनी पाहिलं होतं.

शूटिंगच्या दिवशी खाणीवर जत्रा भरली होती. तंबू, जनरेटर, छत्र्या. हिरो आलाच नव्हता, तो कोल्हापूरच्या हॉटेलात होता. ट्रकमध्ये त्याच्या कपड्यांतला बाहुला बसवला होता. सकाळच्या दृश्यात एक बैलजोडी होती, तिच्यासाठी जनावरांचा डॉक्टर आला होता. त्याने बैलांना सावलीत बांधायला लावलं, पाणी पाजलं का विचारलं, कागदावर सही केली. बैलांना काही झालं नाही, बरं झालं, होऊही नये. पण तुझ्यासाठी तिथे काय होतं, परशराम? कमरेला बांधायला एक दोरसुद्धा नव्हता. डोक्यावर टोपी होती ती तुझीच, मच्छ्याहून आणलेली.

दुपार कलल्यावर ट्रक ओढला. तो मध्यावर आला आणि आवाज आले. तीन आवाज. मी मोजले. चौथा आला नाही.

पूल एका अंगाला पिळवटला आणि तसाच लटकून राहिला. ट्रकही तिरका होऊन त्याच्यावर अडकला. कॅमेरे चालूच होते. स्टंटमास्टर म्हणजे एक वाळका, पांढऱ्या केसांचा माणूस. तो हात वर करून म्हणाला की कुणीही जवळ जाऊ नका, अर्धा तास थांबा, स्वतःहून पडेल, नाहीतर उद्या क्रेनने पाडू. त्या दिवशी तिथे शहाणा माणूस तो एकच होता. गॉगलवाला मॅनेजर त्याच्या अंगावर गेला. “लाईट जा रही है! कल का खर्चा तू देगा? ए, ये ब्रिज किसने बनाया? वो लोकल लेबर कहाँ है?”

लोकल लेबर. तुला, परशराम. आख्ख्या उद्यमबागेत तुला कुणी लेबर म्हणायची हिंमत केली नव्हती. तू मात्र ते ऐकलंही नाहीस. तुझी नजर पुलाच्या सांध्यावर होती.

“माझाच एखादा फुगवटा अडकला असंल,” तू म्हणालास. “पट्टीच्या आतल्या अंगाला वेल्ड मारलता, तिथं घासलो न्हाय मी. तेच अडकलं असंल. बघून येतो.”

“थांब की. तो मास्तर काय म्हणतोय ऐक,” मी म्हटलं.

“एवढी माणसं खोळंबल्यात रं माझ्यापायी.”

आणि तू निघालास.

मी ‘थांब’ म्हटलं, हे मी दोन महिने स्वतःला सांगत आलोय. पण जे म्हणायला हवं होतं ते मी म्हटलं नाही. मला कळलं होतं. तीन आवाज झाले तेव्हाच कळलं होतं की कोणती पिन राहिली. मी तुझा दंड धरून म्हणायला हवं होतं की परशा, तुझं काय अडकलं न्हाय, माझी पिन हाय, ती कधीबी जाईल. एवढंच. तुला वर जाण्याचं कारणच उरलं नसतं. पण तो गॉगलवाला तिथे उभा होता, तंबूतली सगळी माणसं आपल्याकडे बघत होती, आणि मला लाज वाटली. ‘ह्याच्या पिनेनं घोटाळा केला’ हे त्यांच्यासमोर ऐकून घ्यायची लाज. परक्या लोकांची, जे दोन दिवसांत तंबू गुंडाळून जाणार होते. तू कड्यावरून पुलावर पाय ठेवलास, हळूहळू मध्यापर्यंत गेलास, गुडघे टेकलेस, वाकून पट्टीच्या आत बघितलंस. तेव्हाही वेळ होता. मी हाक मारली नाही.

मग चौथा आवाज आला.

तुझ्यावरही रागावतो मी कधीकधी. कुणी सांगितलं होतं तुला दुसऱ्याच्या खोळंब्याची एवढी फिकीर करायला? ज्यांना तुझं नावही ठाऊक नव्हतं त्यांच्यापायी? पण हा राग टिकत नाही, कारण फिरून तो माझ्याच दारात येतो.

कंपनीने आपल्या माणसांकडून अहवाल करून घेतला. सांध्याचं वेल्डिंग सदोष असल्यामुळे पूल वेळेवर उघडला नाही आणि एक अनधिकृत व्यक्ती परवानगीशिवाय पुलावर गेली, असं त्यात आहे. अनधिकृत व्यक्ती! ज्याने तो पूल पट्टीपट्टीने जोडला, तो त्याच पुलावर अनधिकृत. पिनांचा त्यात शब्द नाही. पिनांबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तुझ्या लेकीने, दीपाने, डिप्लोमा केला तो शेड सांभाळायला, हे तुला माहीतच आहे. तुझं बारावं झाल्यावर तिने शेड उघडली. पण अहवाल चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला होता. एक जुनं गिऱ्हाईक माझ्या समोरच दुसऱ्याला म्हणालं, “परशाचा हात शेवटी शेवटी ढिला पडलाता म्हण. पुलाचा वेल्डच अडकला न्हवं?” मी चहाचा कप तोंडाला लावून बसलो होतो. मी प्यालो, उठलो आणि आलो. तीस वर्षांचं तुझं नाव त्या टपरीवर मातीत गेलं आणि मी चहा संपवला.

पंचनामा उरकला आणि महिन्याभराने पुलाचं भंगार वितळवायला उद्यमबागेतच एका भट्टीवर आलं. मी भट्टीच्या मालकाला विचारून ढिगात शिरलो. दोन दिवस लागले. तुझा एकेक सांधा मी घासून बघितला, परशराम. पत्रा फाटलाय, लोखंडी चॅनेल वाकलाय, पण वेल्ड एकही सुटलेला नाही. आतल्या अंगाचा तो फुगवटाही बघितला. तो कशालाच लागत नव्हता, बोटभर जागा होती. तिथेच पिनाही सापडल्या. तीन खाचेत सरळ तडकलेल्या, आरशासारख्या. चौथी वेडीवाकडी फाटलेली, खाचेपासून लांब.

त्यानंतरही मी आठवडाभर गप्प होतो. मग ही झलक आली, आणि तो रिकामा पत्रा बघून मला कळलं की तुला पुसणाऱ्यांत मी पहिला आहे.

मी पिना घेऊन खाण ज्या हद्दीत येते त्या पोलीस ठाण्यात गेलो. फौजदाराने जबाब कन्नडमध्ये लिहून घेतला. पिन मी केली, नकाशाविरुद्ध केली, वेल्डिंगमध्ये दोष नव्हता, भंगार अजून भट्टीवर आहे, येऊन बघा. त्याने माणूस पाठवून भंगार अडवून ठेवलं. मी जबाबाची प्रत घेतली आणि तुझ्या घरी आलो. खरं सांगतो, येताना छाती थोडी हलकी झाली होती.

वैनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भावोजी, हात हाय, चुकतोय माणसाचा. त्येंचा बी चुकला असता. तुमी येऊन सांगितलासा, लई झालं.” आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

दीपा प्रत वाचत होती. तिला कन्नड आपल्यापेक्षा चांगलं येतं. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“काका, बाबा वर का गेले ते ह्यात न्हाय.”

“त्याला वाटलं, त्याचा वेल्ड अडकलाय म्हणून.”

“मग का लिवला न्हाय ते? लोक म्हणत्यात हौसेनं गेला, सिनेमात दिसायला गेला.” तिचा आवाज चढला नाही. “आणि तुमास्नी कवा कळलं, पिन ऱ्हायल्या म्हणून?”

दीपाने प्रत मिटली.

“भंगारात कळलं?”

“न्हाय.”

“मग?”

“तवाच. आवाज मोजलते मी.”

“बाबा वर जायच्या आदी?”

“व्हय.”

“किती लांब हुता तुमी?”

“जवळच. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.”

आत चहा उकळत होता. वैनी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या परत आत गेल्या आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला. चहा आला नाही. दीपाने प्रत माझ्या हातात दिली.

“हे बी घालून आणा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी परत ठाण्यात गेलो. फौजदाराला वाटलं मी जबाब मागे घ्यायला आलोय. मी सांगितलं की दोन ओळी वाढवायच्या आहेत. ऐकून तो म्हणाला, “ह्याची गरज न्हाय ओ. गप्प बसणं म्हणजे गुन्हा न्हवे. कशाला आपल्या गळ्यात घेता?” मी म्हटलं, लिहा. आपली चूक समजून, लोक खोळंबू नयेत म्हणून परशराम पुलावर गेला. पिन माझी आहे हे मला ठाऊक होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. त्याने लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. बाकावर बसलेली चार माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी सही केली.

कंपनीवर काय होईल ते मला माहीत नाही. दीपाने वकील बघितलाय. त्या दृश्यात तुला परत घाला, नाहीतर दृश्य काढा, असं तिने लिहून कळवलंय. ती मागे हटणार नाही, तुझी मुलगी आहे. मी साक्षीला उभा राहणार आहे, आणि या वेळी कोण बघतंय याचा विचार करणार नाही.

वैनी माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या दारी परत गेलेलो नाही, नव्या जबाबाची प्रत दीपाने शेडवर घेतली. उभ्या उभ्या वाचली, मान हलवली आणि तोंडावर काच ओढून कामाला लागली. जबाबाची बातमी टपरीवर पोहोचली, आणि चार दिवसांनी ते जुनं गिऱ्हाईक तिच्या शेडवर गाडीची चौकट घेऊन आलेलं मी रस्त्यावरून पाहिलं.

टपरीवर आता तुझ्या वेल्डबद्दल कुणी बोलत नाही, परशराम. माझ्याबद्दल बोलतात. मी गेलो की गप्प होतात. मी रोज जातो.